माझ्या अंगावरचं खोटं निळं

मी गोधडी बोलतेय, आणि रागानं बोलतेय, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की कापडानं इतकं तोंड सोडू नये. कापडानं काय करावं आणि काय करू नये हे ठरवणाऱ्यांनी माझं काय केलं ते ऐका, मग बोला.

गोधडी म्हटलं की माणसांना ऊब आठवते, झोप आठवते. माझ्याखाली आजवर एकही माणूस झोपलेला नाही. मला भिंतीवर टांगण्यासाठी शिवलंय. अख्खी भिंत झाकेन एवढी मी मोठी आहे आणि माझ्यावर एकच गोष्ट आहे: आमचं तळं. गावाच्या मधोमध असलेलं, ज्याचं पाणी सगळं गाव पितं आणि ज्याच्याकडे सगळं गाव पाठ करून बसतं, ते तळं.

मला शिवलं उसवकाकूनं. तिचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नाही. तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिचं दुरुस्तीचं दुकान आहे. विजारीची उंची कमी करायची, चेन बदलायची, जाडी वाढली की बाजूची शिलाई सोडून द्यायची, अशी कामं. नवे कपडे ती शिवत नाही. म्हणते, "नव्या कपड्यात गिऱ्हाइकाचं मन भरत नाही. जुन्यात ते आधीच भरलेलं असतं." टाका जरा वाकडा गेला की ती अख्खी ओळ उसवते. गिऱ्हाईक दारात चुळबुळत उभं असलं तरी उसवते. म्हणून ती उसवकाकू. तिचे सासरे म्हणतात, "हिला धरणाची भिंत बांधायला दिली तर तीही दोनदा उसवेल."

हे सासरे, तिचे मामंजी, तळ्यात होडी चालवायचे. या काठावरून त्या काठाला माणसं, सायकली, पिठाची पोती, एकदा तर एक अख्खं कपाट आणि त्याला धरून बसलेलं नवं जोडपं, असं सगळं त्यांनी वाहून नेलं. मग पाणी मागे सरायला लागलं. पहिल्या वर्षी त्यांनी होडी ढकलत पाण्यापर्यंत नेली. पुढच्या वर्षी ढकलायची कुठवर, तेच कळेना. आता ती चिखलात रुतून बसलीय आणि मामंजी रोज सकाळी तिच्यात जाऊन बसतात. कुणी हटकलं तर म्हणतात, "मी आहे तिथंच आहे. पाणी गेलंय फिरायला. आलं की निघू."

पाणी आपोआप गेलं नाही. वरच्या अंगाला नव्या वसाहती झाल्या, त्यांनी ओढा वळवला. खालच्या अंगाला गटाराचं तोंड तळ्यात सोडलं. मधल्या मधे ज्याला जेवढं हवं तेवढं पाणी त्यानं उपसलं. घरोघरच्या नळाला वास यायला लागला तेव्हा लोक जागे झाले, आणि जागे होऊन त्यांनी काय केलं, तर फोन केले.

ते फोन घ्यायचं काम होतं काकूच्या नणंदेकडे. वन्सं पाणीपुरवठा मंडळाच्या कार्यालयात तक्रारींच्या टेबलावर बसायच्या. नवरा लवकर गेला, तेव्हापासून माहेरीच राहतात, वडिलांची औषधं आणि घरातला अर्धा खर्च त्यांच्या नोकरीवर. एका दुपारी त्या दुकानात आल्या आणि चपला न काढताच स्टुलावर बसल्या.

"वहिनी, आज एकानं मला विचारलं, तक्रार नोंदवली म्हणजे तुम्ही नक्की काय केलंत?"

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार? सांगितलं, तुमची तक्रार नोंदवली आहे."

दोघी हसल्या. मग दोघींचंही हसू आटलं. काकूनं हातातली विजार बाजूला ठेवली. म्हणाली, "वन्सं, पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं, तर घडा तरी दिसला पाहिजे लोकांना. मी तळंच शिवते." वन्संना वाटलं, ऊन लागलंय हिला.

पण काकूनं खरंच एक जुनं पडद्याचं अस्तर टेबलावर पसरलं. तो माझा जन्म.

रंगवलेलं कापड घ्यायचं नाही, विकतचं तर नाहीच, असं तिनं ठरवलं होतं. तळ्याचं पाणी प्यायलेल्या माणसांचे कपडे हवेत, आणि निळे हवेत. बायका बोचकी घेऊन यायला लागल्या. शेजारच्या रुग्णालयातल्या परिचारिकेनं धुऊन धुऊन फिका पडलेला गणवेश आणला. पोहायला शिकवणाऱ्या ताईनं पोहायचा जुना पोशाख आणला. तळ्यात पोहायला बंदी आल्यापासून तो खुंटीवरच होता. बसचालकाच्या बायकोनं नवऱ्याचा शर्ट दिला. त्याला विचारून दिला की न विचारता, मला ठाऊक नाही. पण तो दुकानावरून जाताना माझ्याकडे जरा संशयानं बघायचा. आणि मधल्या खोल पाण्यासाठी मामंजींनी आपला गडद निळा सदरा दिला, वल्हं मारून मारून कोपरांत विरलेला.

दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून बायका माझ्याभोवती बसायच्या. जाड धाग्याचा साधा धावदोरा, पण ओळी सरळ नाहीत. वारा सुटल्यावर पाण्यावर जशा रेघा उमटतात तशा. बोटं दुखायची, सुया तुटायच्या, कुणाची सासू कशी, कुणाचा जावई कसा, सगळं माझ्यात शिवलं जायचं. उत्तरेच्या कोपऱ्यात पाणगवताचं बेट होतं, पक्ष्यांची घरटी होती, ते काकूनं एकटीनं भरलं, हिरव्या रेशमानं, पात्यागणिक. वळवलेल्या ओढ्याचं उरलंसुरलं चांगलं पाणी त्याच कोपऱ्यातून तळ्यात झिरपायचं. मी पूर्ण झाले तेव्हा बायका बघत राहिल्या. परिचारिका म्हणाली, "आपण एवढ्या दिवसांत तळ्याकडे इतकं निरखून कधी बघितलं नव्हतं."

इथवर सगळं गोड आहे. आता पुढचं.

उन्हाळ्यात पाणी आणखी मागे गेलं. काकू मामंजींना घेऊन काठानं चालत गेली, परत आली आणि हातात ब्लेड घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. जिथं पाणी उरलं नव्हतं तिथलं निळं तिनं उसवून काढलं आणि तिथं तपकिरी लावलं. जुन्या विजारी, पोत्याचं कापड, विटलेले पडदे. निळ्याच्या टाक्यांची भोकं तशीच दिसत राहिली, ती तिनं बुजवली नाहीत.

पोहायला शिकवणारी ताई चिडली. "माझा तुकडा काढलास?"

"तुझा कशाला काढू? तिथलं पाणी गेलं."

"परत लाव."

"पाणी आण, लावते."

ताई आठ-दहा दिवस दुकानात फिरकली नाही. मग आली आणि सुई उचलली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी असं पुन्हा पुन्हा झालं. कडेकडेनं मी तपकिरी होत गेले. मला त्याची लाज नाही. मी खरं सांगत होते. आमच्या गावात तळ्याबद्दल खरं सांगणारं दुसरं काहीच नव्हतं. मंडळाच्या भिंतीवरच्या नकाशात तळं अजून भरलेलंच होतं, कारण नकाशा रंगवणाऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मग उत्तरेच्या कोपऱ्यात राडारोड्याचे ट्रक रिकामे व्हायला लागले. पाडलेल्या घरांच्या विटा, फुटक्या फरशा, सिमेंटचे गोळे, पाणगवताच्या बेटावर ढीगच्या ढीग. वन्संनी कार्यालयातून बातमी आणली: त्या कोपऱ्याचं सुशोभीकरण होणार. फिरायला फरसबंदी वाट, खाण्याच्या टपऱ्या, गाड्या लावायला जागा आणि मधोमध कारंजं. म्हणजे तळं बुजवायचं आणि त्याच्यावर कारंजं उडवायचं. असं माणसालाच सुचू शकतं. बगळ्याला कधी सुचलं नसतं.

त्याच सुमारास मंडळानं 'पाणी वाचवा सप्ताह' जाहीर केला. वन्संच्या मनात आलं, मला मंडळाच्या सभागृहात टांगावं. मोठे लोक येतील, बघतील, तपकिरी कुठवर आलंय ते त्यांच्या डोळ्यांत भरेल. काकू आधी तयार नव्हती. "तिथं टांगलेल्या वस्तूला कुणी बघत नाही वन्सं, तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतात." पण वन्संनी अध्यक्षसाहेबांशी बोलून ठेवलं होतं, वन्संचं मन तिला मोडवेना. मला गुंडाळून नेलं आणि व्यासपीठाच्या मागे टांगलं.

तिथं मी काय काय पाहिलं. पाणी वाचवण्यावर बोलायला आलेल्या प्रत्येकासमोर पाण्याची एक बाटली. दोन घोट प्यायचे आणि बाटली तिथंच सोडून जायची. ती आवरणाऱ्या बाईनं उरलेलं पाणी झाडांना घातलं तर तिला ओरडा खावा लागला, गालिच्यावर थेंब पडतात म्हणून. माझ्या डाव्या हाताला हात धुवायची जागा होती. तिथला नळ गळायचा. भाषण चालू असताना मधे थांबलं की तो ऐकू यायचा, टप, टप. टाळ्या पडल्या की ऐकू यायचा नाही.

सप्ताह सुरू व्हायच्या आदल्या दिवशी अध्यक्षसाहेब तयारी बघायला आले. सोबत सजावटवाला होता.

तो म्हणाला, "साहेब, मागचं हे तपकिरी फोटोत मळल्यासारखं येतं."

"मग धुऊन घ्या."

"मळ नाही साहेब. डिझाइनच तसं आहे."

"मग डिझाइन धुऊन घ्या," साहेब म्हणाले आणि फोनवर बोलत निघून गेले.

सजावटवाल्यानं चकचकीत निळं साटीन आणलं आणि गरम डिंक सोडणारी ग्लू गन आणली. माझ्या तपकिरीवर त्यानं ते साटीन डकवून टाकलं. सुईची मला सवय आहे. सुई टोचते, पण आरपार जाते, दोन कापडांना एकमेकांची ओळख करून देते. हा गरम डिंक नुसता वर बसला, चरचरत, आणि थंड होऊन कडक झाला. पोत्याच्या कापडाला, विजारींना, त्या सगळ्या खऱ्या चिखलाला त्यानं तोंड दाबून गप्प केलं. बघता बघता माझं तळं काठोकाठ भरलं. उत्तरेच्या कोपऱ्यातली हिरवी पातीसुद्धा साटीनखाली गेली.

हे होत होतं तेव्हा वन्सं खुर्च्यांच्या रांगेशी उभ्या होत्या. मग त्या खुर्च्या सरळ करायला लागल्या, ज्या आधीच सरळ होत्या.

माझे फोटो निघाले. आणि एके दिवशी उत्तरेच्या कोपऱ्यात, राडारोड्याच्या ढिगापुढे, भलंमोठं फ्लेक्स लागलं. त्यावर मी. काठोकाठ निळी. खाली मोठ्या अक्षरांत: 'भरलेलं तळं, बहरलेलं गाव. नागरिकांच्या कल्पनेतून साकारणारं सुशोभीकरण.' गावाच्या दुसऱ्या टोकाचे लोक येता-जाता ते बघायचे आणि म्हणायचे, तळं तर भरलेलं दिसतंय, या तळ्याकाठच्या बायका उगीच कशाला ओरडतात? कोपरा बुजवू नये म्हणून सह्या गोळा करायला गेलेल्या परिचारिकेला एकानं तोंडावर सांगितलं, "तुम्हीच शिवलंय ना ते चित्र? मग?"

माझ्यामुळे. माझा चेहरा वापरून. चोरानं घरमालकाचा सदरा घालून दारात उभं राहावं आणि शेजाऱ्यांना सांगावं, काही नाही, मीच आहे, तसं झालं हे.

काकू सभागृहात आली ती दुकानातून थेट, बोटांना मशीनच्या तेलाचा वास घेऊन. माझ्याजवळ आली, साटीनवरून बोट फिरवलं. डिंकाच्या कडेला नख लावून बघितलं. तेवढ्यात मागून वन्सं आल्या.

"वन्सं, हे कधी झालं?"

"सप्ताहाच्या आदल्या दिवशी."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी इथंच उभी होते."

काकू वळलीच नाही. माझ्याकडे बघतच बोलली. "घरी येऊन रोज माझ्या शेजारी जेवायला बसलात."

"वहिनी, माझी नोकरी आहे ही."

"माझंही दुकान आहे. गिऱ्हाइकाचा फाटका शर्ट मी डिंकानं चिकटवून परत देत नाही."

"तुला बोलायला काय जातंय? बाबांची औषधं कुठून येतात ते एकदा स्वतःला विचार."

"विचारते. तुम्हीही बाबांना एकदा सांगा, औषधं चालू राहतील, काळजी नको, तळंही फोटोत भरलंय. होडी काढा."

काकूनं बोलायला नको होतं इतकं, हे मलाही कळलं. पण ती वळून निघून गेली, आणि पुढे कितीतरी दिवस त्या घरात दोघी मिठाचं भांडंसुद्धा एकमेकींकडे न मागता उठून घ्यायच्या. हे मला नंतर कळलं, त्या दोघी मला दुरुस्त करत बसल्या असताना एकदा हसत बोलल्या तेव्हा. तेव्हा मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

मग जनसुनावणी आली. उत्तरेचा कोपरा बुजवायला लोकांची हरकत आहे का, हे विचारायची पद्धत असते म्हणे. अर्धा कोपरा बुजवून झाल्यावर विचारायची. सभागृह भरलं होतं. मामंजी पहिल्या रांगेत, शेजारी परिचारिका, मागे बसचालक आणि त्याची बायको. बाजूच्या टेबलावर वन्सं, कोण काय बोललं ते लिहून घ्यायला. अध्यक्षसाहेब उभे राहिले आणि त्यांनी हात मागे करून माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही आपल्या भगिनींची भावना. तळं असंच काठोकाठ ठेवायचं, हाच मंडळाचा संकल्प आहे. कामाला विरोध करणाऱ्यांनी आधी हे बघावं."

टाळ्या पडल्या. मग हरकती. दोघेतिघे बोलले, त्यांना मधेच तोडलं, मुद्द्याचं बोला म्हणून. काकूची पाळी आली.

"बोला बाई, थोडक्यात."

"मला बोलायचं नाही," काकू म्हणाली. "माझं एक काम इथं बिघडलंय, तेवढं नीट करते."

कुणाला काही कळलं नाही. ती व्यासपीठावर चढली. साहेबांना वाटलं सत्कार-बित्कार आहे, ते हसून बाजूला सरकले आणि फोटोवाल्याकडे बघितलं. काकूनं पिशवीतून ब्लेड काढलं आणि उत्तरेच्या कोपऱ्यातल्या साटीनला लावलं.

टाका असता तर एका फटक्यात निघाला असता. डिंक कसला निघतो. तिनं ओढलं तसं साटीनबरोबर माझं जुनं कापडही फाटायला लागलं. मी भिंतीवर डुलत होते, ताण नव्हता, ब्लेड घसरत होतं. एकदा तिच्या बोटालाच लागलं. उसवायचं काम दोघांचं असतं. एकानं कापड ताणून धरायचं, दुसऱ्यानं कापायचं. ती एकटी होती.

"बाई, हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

"दुरुस्ती."

"थांबवा आधी. कुणीतरी यांना खाली घ्या."

कुणीतरी उठलं, पण ते कुणीतरी वन्सं होत्या. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली, व्यासपीठावर आल्या आणि माझी कड दोन्ही हातांनी घट्ट ताणून धरली.

काकूनं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. "वन्सं, नोकरी."

"तू काप गं. बोलत नको बसू."

चर्र आवाज झाला. साटीनची निळी पट्टी खाली पडली, आणि तिच्याखालून हिरवी पाती, पोत्याचं कापड, विटकी विजार, निळ्याच्या टाक्यांची जुनी भोकं, सगळं बाहेर आलं. त्यावर वाळक्या डिंकाचे पांढरे ओरखडे. लोक खुर्च्यांवरून उठून पुढे यायला लागले.

"हे मंडळाच्या मालमत्तेचं नुकसान आहे," साहेब म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला होता. "ही वस्तू मंडळाची आहे."

"त्यात माझा गणवेश आहे," परिचारिका बसल्या जागेवरून म्हणाली.

"आणि माझा शर्ट," बसचालक म्हणाला. मग बायकोकडे वळून म्हणाला, "मला न विचारता दिलेला."

हशा पिकला. त्या हशातच पुढची पट्टी निघाली, आणि त्याच्या पुढची. पहारेकऱ्याला बोलावलं. तो आला, माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याच्या घरचा नळही त्याच तळ्यावर होता. "साहेब, वर चढायला मला परवानगी लागेल," असं काहीतरी पुटपुटला आणि तिथंच थांबला. साहेबांनी सुनावणी तहकूब केली. बाकीचं साटीन काकूनं रिकाम्या व्यासपीठावर काढलं, आणि शेवटी ब्लेड पिशवीत टाकून म्हणाली, "आता राहू दे हिला इथंच. आता बघू दे सगळ्यांना."

त्यांनी मला तासभरही ठेवलं नाही. उतरवलं, गोळा करून मंडळाच्या भांडारात टाकलं. मोडक्या खुर्च्या, फुटके माइक, आणि सप्ताहाच्या उरलेल्या पाटीवर मी. पाटीवर लिहिलं होतं, 'थेंब थेंब वाचवा'. वर मंडळाचीच टाकी होती आणि ती झिरपत होती. पाणी वाचवायचं कार्यालय, त्याची टाकी, आणि तिच्या गळक्या पाण्यात महिनोन् महिने कुजत पडलेली मी. माझ्या कडेला बुरशी धरली. मामंजींच्या सदऱ्याचा रंग शेजारच्या तुकड्यात उतरला. माझी चौकशी करायला तिथं उंदरांशिवाय कुणी आलं नाही. त्या अंधारात मला रडू आलं नाही. मला संताप आला, आणि कापडाच्या संतापाचं काय करायचं हे कुणी कुठं शिकवत नाही.

बाहेर जे घडलं ते ऐका. सुनावणीचा फोटो वर्तमानपत्रात आला: दोन बायका, फाटकी मी, आणि मधे अध्यक्षसाहेबांचा उघडा राहिलेला जबडा. फ्लेक्सवरचं निळं आणि खालचं तपकिरी लोकांनी शेजारी शेजारी ठेवून बघितलं. गावाच्या दुसऱ्या टोकाचे लोकही पहिल्यांदा तळ्यावर आले, ढीग बघितले, नाकाला रुमाल लावून परत गेले, पण गेले ते सह्या करून गेले. काम थांबलं. मी 'थांबलं' म्हणतेय, 'तळं वाचलं' म्हणत नाही. बुजवलेला अर्धा कोपरा बुजलेलाच आहे. तिथलं पाणगवत गेलं ते गेलं. ढीग उचलायला मात्र कुणाला परवानगी मिळत नाही. टाकायला मिळाली होती.

वन्संची बदली झाली, गावाबाहेरच्या पंपघरावर. रोजची पायपीट, सोबतीला पंपांची घरघर. पहिल्या दिवशी परत आल्या तेव्हा काकूनं त्यांच्या पायांना तेल लावायला घेतलं. वन्संनी पाय मागे घेतले, काकूनं पुढे ओढले. तेवढंच. माफी-बिफी कुणी मागितली नाही. त्या घरात ती पद्धत नाही.

एका सकाळी वन्सं भांडारात आल्या. भांडारपालानं विचारलं, "ताई, काय नेताय?"

"सामान."

"कुणाचं?"

"आमच्या घरचं."

"सही लागेल."

"कर की," वन्सं म्हणाल्या, मला खांद्यावर घेतलं आणि चालू पडल्या. सहीचं पुढं काय झालं ते त्यालाच ठाऊक.

आता मी दुकानात आहे. बुरशीचे डाग गेले नाहीत. डिंकाचे खवले गेले नाहीत. काकूनं मुद्दाम ठेवलेत. म्हणते, हेही तळ्याला झालेलंच आहे. उत्तरेच्या अर्ध्या कोपऱ्यात, रेशमी पात्यांच्या जागी, तिनं सिमेंटच्या रिकाम्या पिशवीचा तुकडा शिवलाय, ओबडधोबड, दाभणानं. उरलेल्या अर्ध्यात हिरवी पाती अजून आहेत. लोक येतात, माझ्यासमोर उभे राहतात. "किती सुंदर," म्हणतात. "किती चिकाटीचं काम." तेव्हा मला भिंतीवरून खाली उतरून त्यांच्या तोंडावर पडावंसं वाटतं. मी सुंदर नाही. मला सुंदर म्हणून तुम्ही सुटता आणि नळ उघडा ठेवून दात घासायला जाता. गोधडीला वाचवायचं नाहीये, बाबांनो. मी फाटले तर चार विजारी आणि एक पडदा फाटेल. तळं दुसरं शिवता येत नाही.

परवा दक्षिणेच्या काठाला पुन्हा दोन ट्रक उभे राहिलेत. पाटी नवी आहे, नाव नवं आहे, या वेळी त्याला 'जलविहार प्रकल्प' म्हणतात. बायकांनी ठरवलंय, या वेळी सुनावणीची वाट बघायची नाही. मामंजींनी होडीत बसून ट्रकची वाट हेरलीय आणि मला रस्त्यात कुठं आडवं लावायचं ती जागा दाखवून ठेवलीय. मला घडी घालून दाराशी ठेवलंय. उद्या सकाळी ट्रक सुरू व्हायच्या आधी त्या मला रस्त्यात ताणून धरून उभ्या राहणार आहेत.

मी फार जड आहे हो. इतक्या वर्षांची ठिगळं, त्यात ही ओल. ताणून धरायला दोघींना पेलत नाही, चौघींना जेमतेम पेलते. फोटो काढायला येणार असाल तर नका येऊ. पण हात मोकळे घेऊन येणार असाल, तर माझी दक्षिणेची कड अजून कुणी धरलेली नाही.